मुरमातला खड्डा

भादवा लागला की आमच्या घरात पाणी उकळायला सुरुवात होते. धुळ्याच्या या घराला नळ आहे आणि नळाचं पाणी स्वच्छ असतं. तरी विमल ते मोठ्या पातेल्यात उकळते, दुहेरी फडक्यातून गाळते, माठात भरते आणि झाकणावर वीट ठेवते. वीट कशासाठी, असं मुलीने एकदा विचारलं. "मांजर तोंड घालतं," विमल म्हणाली. आमच्या गल्लीत मांजर नाही.

लोक पावसाळ्याला भितात ते पुराच्या दिवसांत. मला पाऊस पाठ फिरवतो तेव्हाचे दिवस नकोसे वाटतात. आभाळ उघडतं, ऊन एकदम अंगावर येतं आणि खाली जमीन अजून ओलीच असते. काळ्या मातीतून वाफ निघते. सायकलवरून जाताना पोटऱ्यांना ती कळते, एखाद्या जनावराच्या श्वासासारखी. कपाशी छातीला लागलेली असते, ज्वारी पोटरीत आलेली असते, बांधाबांधाने तरवड फुललेला असतो आणि सगळीकडे फवारणीचा वास असतो, गोडसर, घशात बसणारा. आमच्या खानदेशात यापेक्षा हिरवे दिवस वर्षात दुसरे नाहीत. कोणी पाहुणा या दिवसांत आला तर म्हणेल, काय सुंदर मुलूख आहे. मीही एके काळी म्हणायचो.

कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. तरवड तर पिवळाच. झेंडू पिवळा, गिलक्याचं फूल पिवळं, शेणावर बसणारी ती लहान फुलपाखरं पिवळी. या एका रंगाकडे मी आता सरळ बघू शकत नाही. दुसरा कोणताही रंग मला असा टोचत नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी तिशीतला. पाटबंधारे खात्यात नोकरी होती आणि राहायला जळगाव जिल्ह्यातलं एक लहान गाव, धरणगावहून एसटीने जवळ. पाटात ठिकठिकाणी आकडे रंगवलेल्या पट्ट्या उभ्या असतात. पाणी कुठवर चढलं ते त्या पट्टीवर वाचायचं आणि वर कळवायचं, हे माझं काम. मला ते आवडायचं. पाणी गढूळ असो, खळखळत असो, पट्टीवर शेवटी एक आकडा असतो आणि तो आकडा खरा असतो. अंदाजाने बोलणारी माणसं मला तेव्हाही सहन होत नसत.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान होती. बावीस घरं. लहानसं कौलारू चर्च, आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी प्रार्थना आणि गावाबाहेर नाल्याच्या कडेला कबरस्तान. मजूर लावून कबर खणून घ्यायची आमच्यात रीत नव्हती. मंडळीतल्या पुरुषांनीच खणायची, दोघांदोघांनी, घरांच्या पाळीने. ज्याच्या घरी दुःख असेल त्याने कुदळीला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम. बाकी कोणी मास्तर असो, कारकून असो की पोस्टमन, पाळी आली की शर्ट काढून खाली उतरायचं.

त्या वर्षी पाऊस शेवटी शेवटी फार झाला आणि गावात कावीळ आली. कुठून आली ते कोणी छातीठोक सांगू शकलं नाही. पाण्यातून, असं डॉक्टर म्हणत. आधी एका गल्लीत, मग दुसऱ्या. रसवंतीवाल्याकडे गर्दी झाली, किराणा दुकानात खडीसाखर मिळेना. बहुतेक माणसं बरी होत होती, पण सगळी नाही. आमच्यातले यशवंतआबा त्यात गेले.

आबांची कबर काळ्या मातीत खणली होती. रात्रभर पाणी पाझरलं. सकाळी पेटी उतरवली तर ती तरंगली. विहिरीत बादली तरंगावी तशी, हलके हलके फिरत. आबांच्या सूनबाईंनी तोंडात पदर कोंबला. शेवटी चौघांनी बांबूंनी पेटी खाली दाबून धरली, तोवर बाकीच्यांनी दगड लोटले आणि घाईघाईने माती टाकली. पाळकसाहेब प्रार्थना म्हणत होते आणि खालून बुडबुडे येत होते. तो आवाज ज्यांनी ऐकला त्यांच्यापैकी मी एक.

त्या रविवारी उपासनेनंतर पंचांची बैठक बसली. आमच्या पंचांत दाऊदनाना सगळ्यांत वडील. निवृत्त मास्तर, उंच, काटकुळे, बोलणं तुसडं. नाना म्हणाले, "वरच्या अंगाला मुरूम आहे. तिथं पाणी लागत नाही. पण मुरूम फोडायला वेळ लागतो, आणि या उन्हात मेलेलं माणूस थांबत नाही. एक खड्डा आधीच खणून ठेवू. लागला की दुसरा खणायचा. कावीळ जाईपर्यंत एक कायम तयार असू द्या."

पाळकसाहेब तरुण होते. ते चपापले. "नाना, माणूस जिवंत असताना खड्डा खणायचा?"

"साहेब, सगळे खड्डे जिवंत माणसंच खणतात," नाना म्हणाले.

कोणी हसलं नाही. पण कोणी विरोधही केला नाही, कारण प्रत्येकाच्या कानात ते बुडबुडे होते. मला तर नानांचं म्हणणं शंभर टक्के पटलं होतं. ते हिशेबी बोलणं होतं.

पाळी माझी आणि नानांची निघाली. मुरूम म्हणजे अर्धवट दगडच. कुदळ टाकली की ठिणगी उडायची आणि मनगटापर्यंत झिणझिण्या यायच्या. मी टेप नेला होता. लांबी साडेसहा फूट, रुंदी अडीच, खोली पाच. कडा ओळंब्यात हव्यात म्हणून मी पुन्हा पुन्हा उतरत होतो. नाना वर बसून बघत होते. म्हणाले, "सुधाकर, तुला काय बक्षीस मिळणार आहे का याचं?"

"वेडावाकडा कशाला हवा, नाना?"

"थांब, मी झोपून बघतो." आणि खरोखरच हा सत्तरीतला माणूस खाली उतरला आणि आडवा झाला. छातीवर हात ठेवले, डोळे मिटले. वरून बघताना मला ते नको वाटलं.

"उठाल ना परत?" मी विचारलं.

"हात दे म्हणजे उठतो."

मी हात दिला. आम्ही दोघेही हसलो. खड्ड्यावर दोन टिनपत्रे टाकले, पत्र्यांवर दगड ठेवले आणि घामेजल्या अंगाने घरी आलो. विमलने न्हाणीत पाणी काढून ठेवलं होतं. ती सात महिन्यांची गरोदर होती, आमचं पहिलंच. ती म्हणाली, "झालं?" मी म्हणालो, "झालं. एकदम मापात." तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि ती आत गेली.

कबरस्तान पाटाच्या रस्त्यावर होतं. मी रोज सायकलने तिथून जायचो. वारा सुटला की पत्रा दगडाखाली थोडा उचलला जायचा आणि खाली पडायचा. ठक्. मग बराच वेळ शांत. मग पुन्हा ठक्. आजूबाजूला कपाशी पिवळ्या फुलांनी भरलेली, ऊन लखलखीत, माणूस कुठे दिसत नाही आणि मध्येच तो आवाज. आतून कोणी दार वाजवावं तसा. मी पायडल जोरात मारायचो आणि स्वतःलाच समजावायचो की वाऱ्याचा वेग आणि पत्र्याचं वजन यांचा हा सरळ हिशेब आहे.

शेजारच्या गंगूअक्का शेतकरी घरातल्या, माझ्या आईच्या वयाच्या. त्यांना खड्ड्याचं कळलं तेव्हा त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "भाऊ, असा उघडा खड्डा ठेवतस का कोनी? तो मानूस मांगस." आमच्या मंडळीतल्या बायकाही दबक्या आवाजात हेच म्हणत होत्या. आमचा अशा गोष्टींवर विश्वास नाही, असं आम्ही रविवारी म्हणत होतो. सोमवारी मात्र बायका पोरांना त्या रस्त्याने पाठवत नव्हत्या.

विमलला फोडणीचा वास नकोसा झाला. गरोदरपणात होतं असं, मी म्हणालो. तिला थकवा आला. तेही होतं असं. मग एका दुपारी गंगूअक्का दारात आल्या आणि विमलकडे बघून थबकल्या. मला बाहेर बोलावलं.

"भाऊ, वहिनीना डोया पिवया व्हयी ग्यात. तुले दिसत नही का?"

मला दिसलं नव्हतं. दिवसभर पट्ट्यांवरचे बारीक आकडे वाचणारा मी. मी घरात गेलो, विमलला दारापाशी उजेडात आणलं आणि तिची खालची पापणी खाली ओढली. तिने विचारलं, "काय?" मी म्हणालो, "काही नाही." पण तिला माझं तोंड वाचता यायचं.

अक्कांनी लगेच उपाय सांगितला. सावद्याकडे एक माणूस कावीळ उतरवतो. डोक्यावरून हात फिरवतो, चुन्याच्या पाण्यात धुतो आणि पाणी पिवळंधमक होतं. "बठ्ठा गाव जास तठे. तू एकलाच शहाणा शे का? तुन्हा देव काय रागे भरस?"

खरं सांगायचं तर मी विचारात पडलो. चुना आणि पाण्याचं गणित मला संशयाचं वाटत होतं, पण त्या दिवशी मी संशयाचीही वाट चालून बघितली असती. विमलनेच नाही म्हटलं. ती अक्कांवर रागावली नाही. फक्त म्हणाली, "तिथे जाऊन बरी झाले, तर आयुष्यभर आभार कोणाचे मानायचे तेच कळणार नाही मला. तो गोंधळ नको, अक्का."

अक्का म्हणाल्या, "बरं माय. तू तुन्हा देवले सांग, मी मन्हा देवीले सांगस. दोन्हीसमाईन कोनी तरी ऐकी."

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. कावीळ मोजायचा एक आकडा असतो, तो एकच्या आत हवा. विमलचा अकरा होता. बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "बाकी लोकांना ही कावीळ सोडून देते. गरोदर बाईला सोडत नाही सहसा. इथेच ठेवा. यावर औषध असं नाही. आपण वाट बघायची आणि आकडा बघायचा."

आकडा बघायचा, हे मला समजलं. मला जन्मभर तेवढंच येत होतं. मी रोज सकाळी तपासणीच्या खिडकीपाशी उभा राहू लागलो. आकडा तेरा झाला. मग सोळा. पाटाचं पाणी चढताना मी पाहिलं होतं. पट्टीवरच्या एकेका रेघेला गिळत ते वर येतं, आवाज न करता, घाई न करता. आणि वरचे दरवाजे कोणाच्या हातात आहेत ते पट्टीजवळ उभ्या माणसाला दिसत नाही.

मंडळीची माणसं एसटीने येत, पलंगाभोवती उभी राहत, गाणं म्हणत, प्रार्थना करत. "देव विश्वासू आहे," पाळकसाहेब म्हणत. "वहिनी बऱ्या होणारच, मला आतून खात्री झाली आहे," असं एकदोघांनी सांगितलं. त्यांचं प्रेम खरं होतं. पण मला वाटे, कसली खात्री? कुठल्या पट्टीवर वाचली? आबांच्या वेळीही काहींना अशीच खात्री झाली होती. बाहेरच्या बाकावर बसून मी विचार करायचो की विश्वासू म्हणजे नक्की काय. आमच्या ऑफिसात विश्वासू म्हणजे जो दिलेलं काम चोख करतो तो. मी इमानाने वागलो, प्रार्थना चुकवली नाही, कोणाचं वाईट केलं नाही. मग समोरच्या बाजूने काय यायला हवं ते उघड होतं. ते येत नव्हतं. येत होता तो आकडा.

नानाही येत. ते प्रार्थना मोठ्याने करत नसत. मोसंबी सोलून, बिया काढून, फोडी बशीत मांडून ठेवत आणि बसून राहत. विमलला खाववत नसे. फोडी सुकत, मग नाना त्या स्वतः खात आणि दुसरं मोसंबं सोलायला घेत.

एका रविवारी मी घरी कपडे आणायला आलो होतो, म्हणून उपासनेला गेलो. संपल्यावर बायका उठल्या. महिला मंडळाच्या बाई म्हणाल्या, "नाना, तो खड्डा बुजवा. आजच्या आज. विमल तिथे अशी पडली आहे आणि आपण इथे तिच्यासाठी जागा करून ठेवली आहे. हा कसला विश्वास?"

"तिच्यासाठी नाही केली," नाना म्हणाले.

"मग कोणासाठी?"

"जो जाईल त्याच्यासाठी. मीही असेन. खड्डा बुजवला तर कावीळ उतरेल का? मग तुम्ही आणि तो सावद्याचा चुनेवाला यात फरक काय राहिला?"

आवाज चढले. कोणी म्हणालं नानांना काळीज नाही. कोणी म्हणालं खड्डा बुजवणं म्हणजेच विश्वासाचं पाऊल. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. "सुधाकर, तू सांग." मी उभा राहिलो. तो खड्डा मी खणला होता, त्याच्या कडा मी ओळंब्यात धरल्या होत्या. बुजवा म्हणावं तर खड्डा माणूस मागतो या बोलण्याला मी भ्यालो, असं झालं असतं. ठेवा म्हणावं तर मी तिला त्यात बघत होतो. मी म्हणालो, "माझी एसटी आहे," आणि बाहेर पडलो. स्टँडकडे जाताना सायकल त्याच रस्त्याने नेली. पत्रा वाजत होता.

दवाखान्यात विमल जागी होती. तिचा चेहरा उशीच्या अभ्र्यावर हळद सांडल्यासारखा दिसत होता. तिने विचारलं, "कसली भांडणं चालली आहेत गावात?" कोणीतरी माझ्याआधी पोचलं होतं तर. मी सांगितलं.

तिने पंख्याकडे बघत विचारलं, "किती लांब आहे हो तो?"

"कशाला विचारतेस?"

"सांगा ना. तुम्ही मापलाय, म्हणजे तोंडपाठ असेल."

"साडेसहा फूट."

"मला मोठा होईल," ती म्हणाली आणि हसली. हसताना तिच्या ओठाची कातडी फाटली. मी तोंड फिरवलं. तेव्हा तिने माझा हात पोटावर ठेवून घेतला. आत हालचाल होती.

"नाना बरोबर आहेत," ती म्हणाली. "राहू द्या तो. बुजवून काय होणार? मी इथे पडल्या पडल्या सारखी मनात म्हणत होते, देवा मला वाचव, देवा याला वाचव. आता थकले. आता नुसतं म्हणते, तू इथेच थांब. खड्ड्यापर्यंत गेलं तरी चालेल, पण तू थांब."

"आणि तो थांबला की नाही, हे कसं कळतं तुला?"

"कळत नाही," विमल म्हणाली. "तुम्हाला सगळं कळायला हवं असतं."

मला एवढंच आठवलं की उन्हाळ्यात पाट कोरडा पडतो, तळाची माती भेगाळते, आम्ही तिकडे फिरकतही नाही, आणि पट्टी तिथेच उभी असते. कोरड्या पाटात ती शून्य दाखवते आणि ते शून्यही खरं असतं. पण यातून मला दिलासा मिळाला असं मी म्हणणार नाही. मला त्या शून्याची भीतीच वाटली.

आकडा एकोणीस झाला त्या दिवशी विमलची शुद्ध हरपू लागली. ती मला दुसऱ्याच नावाने हाक मारू लागली. पिंपळनेरला तिचं माहेर. तिथली कुठली तरी नदी, कुठली तरी बकरी, असं काहीबाही बोलत होती. मग कळा सुरू झाल्या, वेळेच्या कितीतरी आधी. मुलगा झाला. डॉक्टरीणबाईंनी त्याला माझ्या हातात दिलं तेव्हा तो श्वास घेत होता. हातातच थांबला.

विमलला काहीच कळलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "तुम्ही बाळाचं उरकून या. इथे पुढचं मी आत्ता काही सांगू शकत नाही." पुढचं म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

नाना गावाहून आले होते. ते आणि मी बाळाला घेऊन एसटीने परतलो. नानांनी आपलं उपरणं त्याच्याभोवती गुंडाळलं होतं. शेजारच्या बाईने विचारलं, "झोपलं का?" नाना म्हणाले, "हो." खिडकीतून सगळीकडे पिवळी फुलं.

सुताराने पेटी करून ठेवली होती, केळीच्या खोक्याएवढी. कबरस्तानात पोचल्यावर नाना हळूच म्हणाले, "याच्यासाठी लहान वेगळा खणू. काळ्या मातीत पटकन होईल."

"नको," मी म्हणालो. "पाणी लागेल."

पत्रे बाजूला केले. आतल्या कडा मी सोडल्या होत्या तशाच सरळ होत्या. तळाशी ती पेटी ठेवली तेव्हा चहूबाजूंनी एवढी जागा उरली की बघवेना. पाळकसाहेबांनी विचारलं, "प्रार्थनेत नाव काय घेऊ?" आम्ही नाव ठरवलं नव्हतं. मी म्हणालो, "विमलचा मुलगा म्हणा." तसंच ते म्हणाले. मग माती टाकायला सुरुवात झाली आणि ती संपेचना. दुःख असलेल्या घरच्या माणसाने फावड्याला हात लावायचा नाही, म्हणून मी नुसता उभा राहून बघत होतो. माणसं घामाने निथळत होती आणि खड्डा भरत नव्हता.

भरला तेव्हा सगळे तिथेच उभे राहिले. कोणी पाय धुवायला गेलं नाही, कोणी घरी निघालं नाही. मला उशिरा उमगलं. ठराव असा होता की लागला की लगेच दुसरा खणायचा. एक कायम तयार हवा. आणि आता तो कोणासाठी लागेल, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. ज्यांची पाळी होती ती दोघं कुदळीच्या दांड्यांकडे बघत होती, माझ्याकडे बघत नव्हती.

मी नानांकडे पाहिलं. ते काय म्हणणार ते मला ठाऊक होतं, आणि हिशेबाने ते बरोबरच असणार होतं.

नाना पुढे झाले. त्यांनी एक कुदळ उचलली, दुसरी उचलली, फावडी गोळा केली, सगळं खांद्यावर घेतलं आणि चालू लागले. पोस्टमन म्हणाला, "नाना, मग आता..."

"आता नाही," नाना म्हणाले.

"पण लागला तर?"

"लागला तर मी नखांनी खणीन."

चर्चच्या मागच्या खोलीत त्यांनी अवजारं ठेवली, कडी लावली आणि पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. ज्या माणसाने माणसाला भीती दाखवणारी प्रत्येक गोष्ट तोंडावर खोडून काढली होती, तो आता नुसत्या भरवशावर बसला होता, हातात काही नसताना. तो भरवसा होता की हार, हे मला त्या दिवशी सांगता आलं नसतं. आजही छातीठोक सांगत नाही. पण मी त्यांच्याशेजारी बसलो. आणि बसल्यावर पहिल्यांदाच मला जाणवलं की मी कुठल्याच आकड्याची वाट बघत नाही.

परत दवाखान्यात गेलो. विमल तशीच होती. सकाळी तपासणीच्या खिडकीकडे जायला निघालो, तर मागून आवाज आला. "अहो."

तिने मला नेहमीची हाक मारली होती. मी वळलो. तिचे डोळे उघडे होते, पिवळे, पण मला ओळखणारे. तिने पोटावरून हात फिरवला, थांबली, पुन्हा फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. तिच्या कानावरून पाणी ओघळून उशीवर गेलं.

खूप वेळाने ती म्हणाली, "मला भूक लागली आहे." आणि ते बोलून तिलाच लाज वाटली. "अशी कशी भूक लागली हो मला?"

काविळीत भूक लागली म्हणजे माणूस सुटलं, हे गावातल्या पोराटोरांनाही त्या वर्षी माहीत झालं होतं. मी खिडकीकडे गेलोच नाही. गंगूअक्कांनी पाठवलेल्या ज्वारीच्या लाह्या होत्या, त्या वाटीत काढल्या. ती एकेक लाही उचलून खात होती आणि रडत होती. मी तिच्यासमोर बसून होतो. मी देवाचे आभार मानत होतो आणि त्याच क्षणी त्याच्यावर असा राग धरून होतो की दात आवळले होते. हे दोन्ही एकाच छातीत मावतं, हे मला त्या आधी कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे मंडळीतल्या कोणी कोणी म्हटलं, देवाने विमलला राखलं, चर्चमध्ये उभं राहून तशी साक्ष द्या. कोणी म्हटलं, खड्ड्याने मागितलं ते घेतलं. मला दोन्ही वाक्यं अर्धी वाटतात. देव विश्वासू आहे, हे मी आजही रविवारी सर्वांबरोबर म्हणतो. पण ते म्हणताना माझा आवाज थोडा मागे राहतो. मी ते हिशेब जुळला म्हणून म्हणत नाही. जुळला नाही, आणि तरी तिथून उठून निघून जाता आलं नाही, म्हणून म्हणतो.

विमलला घरी आणलं तेव्हा कपाशीची पहिली बोंडं उकलली होती. अक्कांच्या मुलाची बैलगाडी स्टँडवर आली होती. पाटाच्या रस्त्याला लागल्यावर विमलने गाडी थांबवायला सांगितली. मी म्हणालो, "आज नको, तुला चालवणार नाही." ती उतरलीच. माझ्या खांद्याला धरून, मध्ये मध्ये थांबत, वरच्या अंगापर्यंत चालली. मुरमाचा ढिगारा ऊन लागून पांढरट पडला होता.

"एवढा मोठा?" ती म्हणाली.

"हो."

"एकटाच आहे यात."

कपाशीतून वारा येत होता. गाडीचा बैल मान हलवत होता, त्याची घुंगरं ऐकू येत होती.

"प्रार्थना करा," विमल म्हणाली.

"मला शब्द येत नाहीत ग."

"मग नुसते उभे राहा."

आम्ही उभे राहिलो.